न घेतलेलं बक्षीस

झीनट कार्डांच्या बाजारात सर्वांत महाग काय असेल, तर न घेतलेलं बक्षीस. कार्ड तेच, खेळाडू तोच, छपाईही तीच. पण ज्या कार्डाच्या तळाची अर्ध्या इंचाची पट्टी शाबूत आहे, त्याला संग्राहक साध्या कार्डाच्या कितीतरी पट पैसे मोजतात. ही पट्टी म्हणजे कुपन. कुपनं कापायची, साठवायची, कंपनीला द्यायची आणि बदल्यात बक्षीस घ्यायचं, असा तो मामला होता. शंभर वर्षांपूर्वी सॅन फ्रान्सिस्कोतल्या ज्या पोराने कात्री चालवली, त्याने आपलं हित साधलं. ज्याने आळसाने किंवा विसरभोळेपणाने मुदत टळू दिली, त्याचं कार्ड आज जाड प्लास्टिकच्या डबीत बंद होऊन लिलावात मिरवतं. एका पोराचं हुकलेलं बक्षीस हे पुढच्या शतकातल्या कुणाचं तरी घबाड ठरतं.

हा व्यवहार मी बरीच वर्षं बघते आहे. मला तो कळतो, पण पटत नाही. माझं मन कापलेल्या कार्डांकडेच ओढ घेतं. का, ते सांगायचं तर आधी झीनट म्हणजे काय, इथून सुरुवात करायला हवी.

झीनट हा खाऊ होता. सॅन फ्रान्सिस्कोतली कॉलिन्स-मॅकार्थी कँडी कंपनी तो बनवायची. लाह्या-शेंगदाण्यांचा, गोड, दातांना चिकटणारा, पोरांच्या खिशाला परवडणारा. १९०६च्या भूकंपात आणि त्यामागून लागलेल्या आगीत बेचिराख झालेलं शहर तेव्हा पुन्हा उभं राहत होतं. १९११ साली कंपनीने या खाऊसोबत बेसबॉलपटूंची छायाचित्रं असलेली कार्डं द्यायला सुरुवात केली. पुढे कंपनीचं नाव बदललं, पहिलं महायुद्ध आलं आणि गेलं, दारूबंदी आली आणि गेली, मंदीने लोकांना रस्त्यावर आणलं. कार्डांचा रतीब मात्र १९३८ पर्यंत चालू राहिला. सुरुवातीची एक-दोन वर्षं सोडली, तर प्रत्येक कार्डाला खाली कुपनाचं शेपूट होतं.

या सगळ्या कार्डांवर खेळाडू एकाच लीगचे: पॅसिफिक कोस्ट लीगचे. बेसबॉलचा नकाशा तेव्हा आजच्यासारखा नव्हता. ज्यांना मेजर लीग म्हणतात त्या दोन थोरल्या लीगांचे संघ अमेरिकेच्या पूर्वेला आणि मध्यभागी होते. १९५५ मध्ये कॅन्सस सिटीला संघ येईपर्यंत त्यांची पश्चिमेची हद्द मिसिसिपीकाठच्या सेंट लुइसला संपत होती. कॅलिफोर्नियात थोरली लीग आली ती १९५८ मध्ये, न्यूयॉर्कचा जायंट्स आणि ब्रुकलिनचा डॉजर्स हे संघ बाडबिस्तरा घेऊन इकडे राहायला आले तेव्हा. त्याआधीच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या पोराला टाय कॉब किंवा बेब रूथ हे वर्तमानपत्रात वाचायचे लोक. प्रत्यक्ष बघायला मिळायचे ते सॅन फ्रान्सिस्को सील्सचे, खाडीपलीकडच्या ओकलंड ओक्सचे, लॉस एंजेलिसच्या एंजल्सचे, सॅक्रामेंटोचे, पोर्टलंडचे खेळाडू.

आणि ते भरपूर बघायला मिळायचे. हवा सौम्य, हिवाळ्याचा धाक नाही, त्यामुळे या लीगचा हंगाम वसंतात सुरू होऊन शरद ऋतू सरेपर्यंत लांबायचा. एका हंगामात दोनशेच्या आसपास सामने ही इथली रीतच होती; १९०५ साली सील्सने तर २३० सामने खेळल्याची नोंद आहे. म्हणजे कार्डावरचा माणूस पोराला वर्षातले सात-आठ महिने सहज भेटणारा. हा खाऊ जिथवर विकला जाई तिथवर ही कार्डं जात आणि खेळाडूंची कीर्तीही साधारण तिथवरच जाई. प्रादेशिक कार्डं म्हणतात ती ही. त्यांचा पैस लहान आहे, पण त्या पैसात सगळे एकमेकांच्या ओळखीचे आहेत.

माझी ओळख फार उशिराची. मी सांगलीची. बेसबॉल हा शब्द आमच्या घरी कुणी वर्षानुवर्षं उच्चारला नसेल. लहानपणी काडेपेटीचे छाप जमवले होते, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बिग फन नावाच्या बबलगममधून क्रिकेटपटूंची चित्रं निघत, तीही. त्या चित्रांवर धावा छापलेल्या असत. आम्ही त्यांची बेरीज करत बसायचो आणि गणितात मात्र मार खायचो. लग्नानंतर ओकलंडला आले. इथल्या एका जुन्या बाजारात बुटाच्या खोक्यात रचलेली कार्डं दिसली. तपकिरी, मऊ पडलेली, कोपरे झिजून गोल झालेली. विक्रेत्याने माझ्या हातातलं कार्ड बघून सावध केलं, की त्याचं कुपन गेलेलं आहे, या खोक्यात सगळी बिघडलेलीच आहेत. बिघडली म्हणजे काय, हे मी त्याला विचारलं. त्याने समजावून सांगितलं आणि मी दोन कार्डं घेतली. फोनवर आईला हे कौतुकाने सांगायला गेले, तर ती म्हणाली, "अगं, फाटके कागद गोळा करायला एवढ्या लांब गेलीस होय?"

आईला वाटतं तेवढे ते फाटके नाहीत, कापलेले आहेत. आणि ती कापणी निरखून बघण्यासारखी असते. काही कडा शिवणकामाच्या मोठ्या कात्रीने एका दमात कापल्यासारख्या सरळ आहेत. काही तिरक्या गेल्यात, घाई ओळखू येते. काही नुसत्या घडी घालून नखाने दाबून फाडलेल्या. माझ्याकडच्या एका पिचरचे दोन्ही बूट कुपनाबरोबरच गेले आहेत. तो बिचारा घोट्यांवर उभा राहून चेंडू फेकतो आहे. छायाचित्रात कॅमेऱ्यासमोर उभा असलेला एक माणूस दिसतो, आणि कडेवर दुसरा एक माणूस असतो, आठ-दहा वर्षांचा, ज्याचं छायाचित्र कुणी काढलेलं नाही.

कुपन गेलं की आणखी एक पंचाईत होते. त्यावर मुदतीची तारीख असे, आणि कार्ड कुठल्या वर्षाचं हे ठरवायला तिचा मोठा आधार. काही वर्षांच्या कार्डांवर साल छापलेलं आहे, काहींवर नाही. मग गणवेश बघायचा, संघ बघायचा, हा गडी पोर्टलंडहून सॅक्रामेंटोला कधी गेला ते जुन्या नोंदींत शोधायचं. १९३३ ते १९३६ ही चार वर्षं तर संग्राहक सरळ एकत्रच धरतात. हे शोधकाम करता करता मी खेळ शिकले. पुस्तकातून खेळ शिकणाऱ्याला आधी सम्राट भेटतात. मला आधी भेटली ती गल्लीतली माणसं.

त्यातली काही सांगण्यासारखी आहेत. बझ आर्लेट हा ओकलंडचा. १९१८ पासून १९३० पर्यंत तो ओक्सकडून खेळला. आला तेव्हा पिचर होता, पुढे असा फलंदाज झाला की धाकट्या लीगांमध्ये मिळून त्याच्या नावावर ४३२ होमरन जमले. थोरल्या लीगमध्ये त्याला एकच हंगाम मिळाला, १९३१ मध्ये फिलाडेल्फियाकडून, आणि त्यात त्याने .३१३ च्या सरासरीने फलंदाजी केली. पुन्हा कुणी बोलावलं नाही. जिगर स्टॅट्झ हा लॉस एंजेलिसचा. एकाच संघाकडून अठरा हंगाम. चेंडूचा स्पर्श तळहाताला कळावा म्हणून त्याने ग्लोव्हच्या मधल्या चामड्याला भोक पाडून घेतलं होतं. टोनी लॅझेरी सॅन फ्रान्सिस्कोचा, पण १९२५ साली सॉल्ट लेक सिटीकडून खेळत होता. त्या वर्षी त्याने साठ होमरन मारले. बेब रूथचे सुप्रसिद्ध साठ त्यानंतर दोन वर्षांनी आले. लॅझेरीला १९७ सामने मिळाले होते, रूथला तेवढे नव्हते, हे खरंच. पण सॉल्ट लेकच्या ज्या पोरांनी ते साठ बघितले, त्यांनी असली विभागणी केली असेल असं वाटत नाही.

मराठी वाचकाला हे दुःख आणि हे वैभव वेगळं समजावून द्यावं लागणार नाही. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले आणि कसोटीची टोपी त्यांना कधीच मिळाली नाही. शिवाजी पार्कवर त्यांना बघत मोठ्या झालेल्या माणसाला त्यांच्यात काय कमी होतं हे विचारून बघा.

बाजाराची विभागणी मात्र पक्की आहे. पुढे जो मोठा झाला त्याचं कार्ड महाग, बाकीच्यांची घाऊक. या मोजणीत सगळ्यांच्या वर एक मच्छीमाराचा मुलगा आहे. जो डिमॅजिओचे वडील सिसिलीहून आलेले. मुलांनी होडीवर यावं अशी त्यांची इच्छा. जोला माशांच्या वासाचा तिटकारा होता असं सांगतात. १९३३ साली, अठराव्या वर्षी, त्याने सील्सकडून सलग ६१ सामन्यांत किमान एकेक हिट मारला. सगळी अमेरिका ज्याबद्दल बोलते तो त्याचा ५६ सामन्यांचा विक्रम १९४१चा, थोरल्या लीगमधल्या न्यूयॉर्क यँकीज संघातला. एकसष्टचा आकडा छप्पन्नपेक्षा मोठा असूनही तो पश्चिम किनाऱ्यावरच राहिला. झीनटने त्याच्या कार्डावर आडनाव 'डीमॅजिओ' असं चुकीचं छापलं. खाऊ विकणाऱ्यांना हा मुलगा पुढे कोण होणार हे माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी तो त्या हंगामातल्या पोरांपैकी एक पोर.

मला झीनटचं खरं मोल इथे दिसतं. कंपनीला इतिहास लिहायचा नव्हता, लाह्या खपवायच्या होत्या. छायाचित्रकार मैदानावर जायचा आणि गणवेश घालून जो समोर येईल त्याचं चित्र घ्यायचा. महिनाभर टिकलेला, दोन सामने खेळून घरी गेलेला, दुखापत होऊन पुन्हा न आलेला, सगळे सारखेच. गुणवत्ता, भवितव्य, चारित्र्य यांची चाळणी त्याला परवडणारी नव्हती. निवड करायला सवड लागते आणि अहंकार लागतो; खाऊच्या कारखान्यात दोन्हींचा तुटवडा होता. या निवड न करण्यातूनच एक अशी गोष्ट टिकली, जी टिकू नये असं बऱ्याच जणांना वाटत होतं.

जिमी क्लॅक्स्टन हा डावखुरा पिचर १९१६ मध्ये ओकलंड ओक्समध्ये आला. जन्म कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचा. पूर्वजांत कृष्णवर्णीय, युरोपीय आणि मूळनिवासी असे सगळेच. व्यावसायिक बेसबॉलमध्ये काळ्या माणसाला घ्यायचं नाही, हा तेव्हाचा अलिखित आणि म्हणूनच न मोडता येणारा नियम. क्लॅक्स्टनची ओळख मूळनिवासी म्हणून करून देण्यात आली होती, कारण मूळनिवासी खेळाडूला दार अर्धवट का होईना उघडं होतं. २८ मे १९१६ रोजी लॉस एंजेलिसविरुद्ध एकाच दिवशी दोन सामने होते. दोन्हींत त्याने थोडा थोडा वेळ चेंडू टाकला. मग कुणीतरी त्याच्या रक्ताची गोष्ट संघाच्या कानावर घातली, आणि आठवडाभरात त्याला घरी पाठवण्यात आलं.

योगायोग असा, की त्याच थोड्या दिवसांत झीनटचा छायाचित्रकार ओकलंडच्या मैदानावर येऊन गेला होता. समोर ओक्सच्या गणवेशात एक पिचर उभा होता. त्याने त्याचं चित्र घेतलं. त्या वर्षीच्या खाऊसोबत क्लॅक्स्टनचं कार्ड बाहेर पडलं. अमेरिकेत बेसबॉल कार्डावर झळकलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून आज त्याचं नाव घेतलं जातं. थोरल्या लीगमध्ये काळा खेळाडू म्हणून जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या मैदानात उतरला तो १९४७ मध्ये. खुद्द पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये उघडपणे काळा खेळाडू म्हणून जॉन रिची सॅन दिएगोकडून खेळला तो १९४८ मध्ये. मधल्या बत्तीस वर्षांत 'आमच्याकडे असं कधी झालंच नाही' असं म्हणायची सोय लीगला होती. फक्त कुठल्यातरी पोराच्या खणातलं ते कार्ड त्या म्हणण्याच्या आड येत होतं. क्लॅक्स्टन पुढे अनेक वर्षं लहानमोठ्या संघांकडून चेंडू टाकत राहिला आणि १९७० मध्ये वारला. ते कार्ड माझ्याकडे नाही, असण्याची शक्यताही नाही. पण माझ्याकडच्या अनामिकांची कार्डं चाळताना ते डोक्यात असतं, कारण छापणाऱ्याच्या दृष्टीने तेही अनामिकांपैकीच होतं.

एकदा न घेतलेल्या बक्षिसाचं हे सूत्र हाती लागलं की कार्डांचा सगळा बाजार त्या उजेडात दिसायला लागतो. खाऊची कार्डं ही काही पश्चिमेची मक्तेदारी नव्हे. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर, यॉर्क या गावांत कॅरमेलचे मोठे कारखाने होते. मिल्टन हर्शीने आपली लँकेस्टर कॅरमेल कंपनी १९०० मध्ये दहा लाख डॉलरना विकली आणि तो चॉकलेटकडे वळला. विकत घेणारी अमेरिकन कॅरमेल कंपनी पुढे आपल्या कॅरमेलसोबत बेसबॉलची कार्डं वाटू लागली. त्यांत पिट्सबर्गचा होनस वॅग्नर आहे. त्याच सुमारास, १९०९ ते १९११ मध्ये, सिगारेटच्या पाकिटांतूनही कार्डं येत होती आणि तिथे मात्र वॅग्नरने हरकत घेतली. आपल्या चित्रासाठी पोरांनी सिगारेटी घेऊ नयेत असं त्याला वाटलं, असं एक कारण सांगतात. मोबदल्याचा प्रश्न होता, असंही म्हणतात. छपाई थांबली, मोजकी कार्डं बाहेर पडली होती तेवढीच राहिली. त्यातलं एक २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरना विकलं गेलं. त्याच काळातला, तोच वॅग्नर, कॅरमेलच्या कार्डावर त्यामानाने किरकोळ पैशांत मिळतो. सिगारेटच्या कार्डाची किंमत वॅग्नरच्या नकाराची आहे. कॅरमेलच्या कार्डात त्याने फक्त होकार दिलेला आहे.

शिकागोच्या क्रॅकर जॅकचंही तसंच. लाह्या-शेंगदाणे आणि गुळकट पाक, अमेरिकेतल्या मैदानांवरचा हा अगदी ठरलेला खाऊ. १९१४ मध्ये त्यांनी कार्डं थेट खोक्यात टाकली. पाकाचे डाग पडणार, लाह्यांनी कार्ड दबणार, हे ओघानेच आलं. १९१५ मध्ये त्यांनी सोय केली: शंभर कुपनं पाठवा, किंवा एक कुपन आणि पंचवीस सेंट पाठवा, १७६ कार्डांचा सगळा संच टपालाने घरपोच. त्यामुळे १९१५ची कोरी, स्वच्छ कार्डं बरीच उरली. १९१४चं डाग नसलेलं कार्ड हे मात्र नवल. आणि अर्थात त्या नवलाचीच किंमत. म्हणजे खाऊसोबत आलेलं कार्ड हवं, पण त्याला खाऊ लागलेला नको. कुपनाचं कार्ड हवं, पण कुपन वापरलेलं नको. पोरांसाठी छापलेलं हवं, पण पोराने हाताळलेलं नको.

बाजाराला मी नावं ठेवते आहे असं वाटेल. तसं नाही. बाजार नसता, तर ही कार्डं एव्हाना कचऱ्यात गेली असती. दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांमध्ये किती गेली असतील कोण जाणे. दुर्मीळ गोष्टीला भाव येतो यात नवीन काही नाही. शिवाय कॉलिन्स-मॅकार्थीवालेही साधुसंत नव्हते. अजून एक पुडा घे, कदाचित यात तुझा आवडता पिचर असेल, या आशेवर पोरांची नाणी काढून घेण्याचा तो धंदा होता. कुपन ही त्या आशेला लावलेली आणखी एक पाचर. फक्त हे लक्षात ठेवावं, की दुर्मीळता मोजताना आपण बहुतेक वेळा एखादी न घडलेली गोष्ट मोजत असतो. न कापलेलं, न हाताळलेलं, न दिलेलं. प्लास्टिकच्या डबीवर दहापैकी जे गुण छापलेले असतात, ते कार्डाच्या आयुष्यात काय काय झालं नाही याचे गुण असतात.

याच्या अगदी उलट टोकाला एक माणूस होता आणि तो या छंदाचा जनक समजला जातो. जेफरसन बर्डिक. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला विजेची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. सांधेदुखीने त्याचे हात हळूहळू वाकडे होत गेले. अविवाहित, पगार बेताचा. आयुष्यभर त्याने छापील कागद जमवला: खेळाडू, नट्या, पक्षी, झेंडे, साबणाच्या जाहिराती, शुभेच्छापत्रं, सगळंच. बेसबॉलचा सामना तो कधी बघायला गेला नव्हता असं म्हणतात. १९३९ मध्ये त्याने कार्डांची पहिली सूची काढली आणि प्रत्येक प्रकाराला एक अक्षर दिलं. सुरुवातीच्या काळातल्या खाऊच्या कार्डांना 'ई', तंबाखूच्या कार्डांना 'टी', नंतरच्या खाऊ-गमच्या कार्डांना 'आर'. आजही लाखो डॉलरची बोली त्याच अक्षरांत लागते.

१९४७ पासून त्याने आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला द्यायला घेतला. तीन लाखांहून जास्त कागद, त्यांत बेसबॉलची तीसेक हजार कार्डं. संग्रहालयाच्या छापील चित्रांच्या विभागाचे प्रमुख हायट मेयर यांनी तो स्वीकारला, पण लावून देण्याचं काम बर्डिकचं. मग तो तिथे जाऊन बसू लागला आणि वाकड्या बोटांनी एकेक कार्ड आल्बममध्ये चिकटवू लागला. हो, चिकटवू लागला. डिंकाचा डाग पडलेल्या कार्डाला आजचा बाजार जवळ उभं करत नाही, आणि या छंदाच्या मूळपुरुषाने हजारो कार्डांना डिंक लावला. जानेवारी १९६३ मध्ये शेवटचं कार्ड लागलं. दुसऱ्या दिवशी तो रुग्णालयात दाखल झाला आणि दोन महिन्यांत गेला. त्याने काम अर्धं टाकलं नाही आणि निवड केली नाही. वॅग्नर आणि साबणाची जाहिरात या दोन्हींना त्याने जागा दिली. ती कार्डं विकायची नव्हती, त्यामुळे त्यांची किंमत राखायची जबाबदारी त्याच्यावर नव्हती. बघणाऱ्याला ती ओळीने बघता यावीत, एवढीच त्याची चिंता होती.

सील्सचं १९३१ मध्ये बांधलेलं मैदान १९५९ मध्ये पाडलं. सोळावा रस्ता आणि ब्रायंट रस्ता जिथे मिळतात तिथे आता दुकानं आहेत. मी तिथून कोथिंबीर आणि दूध घेतलेलं आहे. ओक्सचं मैदान एमरीव्हिलला होतं, तिथेही आता गवत नाही. क्लॅक्स्टन जिथे उभा होता ती जागा कुठली, हे रस्त्यांच्या नावांवरून साधारण सांगता येतं, एवढंच. लीगचं तेव्हाचं वैभव १९५८ नंतर ओसरलं, कारण टीव्ही आला होता आणि थोरली लीग दाराशी आली होती. पोरांना आता सम्राट घरबसल्या दिसत होते. गल्लीतल्या माणसांकडे बघायला कोण थांबणार?

शनिवार-रविवारी इकडे मराठी शाळा भरते. मुलं बाराखडी कंटाळत लिहितात, 'ळ' म्हणताना जीभ वळवतात आणि मधल्या सुट्टीत बेसबॉलवर बोलतात, ते मात्र अस्खलित इंग्रजीत. एकदा मी कार्डांचं खोकं घेऊन गेले. मराठीत गोष्ट सांगायची तर यांच्या आवडीची सांगू, एवढाच विचार होता. आर्लेटचे होमरन सांगितले, स्टॅट्झच्या ग्लोव्हचं भोक सांगितलं, क्लॅक्स्टनचा आठवडा सांगितला. सांगून होईपर्यंत कार्डं हातोहात वर्गभर फिरली होती. एकीने बूट गेलेल्या पिचरला बाकावर उभं करायचा प्रयत्न चालवला होता. एकाने विचारलं, "मावशी, क्लॅक्स्टनला परत का नाही बोलावलं?" दुसऱ्याला कुपनात रस, त्या मुलाला बक्षीस काय मिळालं, हा त्याचा प्रश्न. पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला बराच वेळ गेला आणि ते मराठीत देताना माझीच जीभ अडखळली. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनीच आपसांत ठरवलं, आणि चेंडू की बॅट यावरून भांडण झालं.

एका संग्राहक मित्राला हे सांगितलं तर तो हळहळला. निदान पारदर्शक पाकिटात घालून तरी द्यायचीस, म्हणाला. त्याचं म्हणणं रास्त आहे. मुलांच्या बोटांना घाम असतो, मधल्या सुट्टीतले वेफर्स असतात. कडा आणखी झिजतात, किंमत आणखी उतरते. उतरू दे. किंमत राखायची तर माणसांना चार हात लांब ठेवावं लागतं, आणि ज्या वयाच्या पोरांसाठी ही कार्डं छापली, त्याच वयाची पोरं समोर हात पुढे करून बसलेली असताना तेवढा व्यवहार मला जमत नाही.